जेट विमानाचा ओळख-कोर्स : पैसे भरण्यापूर्वी पालकांनी पाहावयाच्या गोष्टी



साखर कारखान्याच्या पत्रिकेत विमानाचा विषय कशाला, असे कोणीही विचारील. लागण, खोडवा, हुमणी, तोडणीचा कार्यक्रम आणि उसाचे बिल हे आपले नेहमीचे विषय. पण आपली लेकरे आता डी.एड. आणि इंजिनियरिंगवर थांबत नाहीत. बारामती, धुळे, गोंदिया येथे वैमानिकाचे शिक्षण मिळते हे सेलूच्या शाळेतल्या पोरापोरींनाही ठाऊक असते. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर मोठी प्रशिक्षण शाळा काढण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ साली केली. तेव्हा हा विषय आज ना उद्या आपल्याही ओसरीवर येणारच.

या शिक्षणात अगदी शेवटी एक वळण येते. मुलगा किंवा मुलगी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना घेऊन घरी येते. घरातले सोनेनाणे, बँकेचे कर्ज, ऊसबिलाची शिल्लक सारे तोवर खर्ची पडलेले असते. आणि मग ते म्हणते, "बाबा, आता जे.ओ.सी. करायचाय. अजून पैसे लागतील." बाप विचारतो, "आता हे काय नवीन काढलंस?" या प्रश्नाचे नीट उत्तर पालकाजवळ असावे, म्हणून हा लेख.

हा कोर्स म्हणजे नेमके काय?

जे.ओ.सी. म्हणजे जेट ओरिएंटेशन कोर्स. लहान पंख्याच्या विमानावर शिकलेल्या वैमानिकाला मोठ्या जेट विमानाच्या कामाची ओळख करून देणारा हा छोटा वर्ग असतो. थोडे दिवस फळ्यावरचे शिक्षण आणि मग सिम्युलेटरवर सराव, असे त्याचे स्वरूप. सिम्युलेटर म्हणजे विमानाच्या चालक-खोलीची हुबेहूब प्रतिकृती. बटणे, पडदे, दांडे सगळे खऱ्यासारखे. फक्त विमान जागेवर उभे.

पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. हा कोर्स म्हणजे परवाना नव्हे. तो केला म्हणून जेट विमान चालवण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी त्या-त्या विमानाचे वेगळे शिक्षण आणि परीक्षा असते, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. या कोर्सचे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमीही नव्हे. कोणी तशी हमी तोंडी देत असेल, तर ती कागदावर लिहून मागावी. लिहून मागितले की पुष्कळांचा आवाज बसतो.

मग हा कोर्स निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. विमान कंपनीच्या निवडीत बहुधा सिम्युलेटरवरची चाचणी असते आणि पुढे टाइप रेटिंगचा वेगही फार असतो. हात आणि डोके तयार नसेल तर तिथे उमेदवार मागे पडतो. ती तयारी करून घेणे हे या कोर्सचे काम. म्हणून प्रश्न कोर्स करावा की नाही एवढाच नाही. कोणता करावा आणि केव्हा करावा, हा खरा प्रश्न आहे.

मधल्या पायऱ्या गेल्या

पूर्वी या कोर्सची एवढी बोलवा नव्हती, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी वैमानिक पायरीपायरीने वर चढत असे. इंडियन एअरलाइन्समध्ये आधी डाकोटा, अ‍ॅव्हरो किंवा फोकर फ्रेंडशिप अशी पंख्याची विमाने, आणि तिथे काही वर्षे काढल्यावर बोइंग. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. १९८५ साली केवळ महिला कर्मचारी असलेल्या विमानफेरीचे नेतृत्व त्यांनी केले, ते फोकर फ्रेंडशिपवर. पुढे त्या बोइंग ७३७ च्या कॅप्टन झाल्या.

आज काही मुले ए.टी.आर. या पंख्याच्या विमानावर लागतात खरी. पण बरीचशी चार आसनी सेसनावरून उतरतात ती थेट १८० प्रवाशांच्या एअरबसमध्ये उजव्या खुर्चीवर बसतात. मधली पायरीच नाही. सेसना १७२ चे भरलेले वजन एक टनाच्या थोडे वर. एअरबस ए-३२० चे ७७ टनांच्या आसपास, म्हणजे जवळपास सत्तर पट. सेसना उतरताना ताशी १२० किलोमीटरच्या आसपास असते, तर एअरबस ताशी २५० च्या.

बैलगाडी हाकणाऱ्याला आपण दुसऱ्या दिवशी उसाच्या भरल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर घाटाच्या उताराला देत नाही. गाडीवान कच्चा असतो म्हणून नव्हे. भरल्या ट्रॉल्या मागून रेटतात, ब्रेक आधीच लावावा लागतो, आणि वळण दिसल्यावर विचार करायला सवड नसते. जेटचे नेमके तसेच आहे. ते वेग पटकन सोडत नाही. इंजिनाला जोर मागितला तर पूर्ण जोर यायला काही सेकंद जातात. ३५ हजार फुटांवरून उतरायचे तर साधारण १९० किलोमीटर आधी उतरणीला लागावे लागते. आपल्या बाजूने मुंबईला जाणाऱ्या विमानाला उतरण्याचा विचार नगरच्या आसपासच करावा लागतो. मुंबई दिसल्यावर विचार केला तर उशीर झालेला असतो.

विमानाच्या पुढे विचार चालवणे ही पहिली सवय, जी चांगल्या कोर्समध्ये लागते.

एका सेकंदाला सत्तर मीटर

आपल्या मराठवाड्यातलीच एक गोष्ट सांगतो. वयस्कर सभासदांना ती आठवत असेल. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघाले. विमानात ११८ माणसे होती. धावपट्टी जवळजवळ संपत आली तेव्हा विमानाने जमीन सोडली. धावपट्टीच्या पलीकडे बीड रस्ता, आणि त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चाललेला. विमानाचे डाव्या बाजूचे चाक आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकला लागला. पुढे विजेच्या उच्च दाबाच्या तारांना धडकून विमान कोसळले. ५५ माणसे गेली.

चौकशीत दोन ठपके ठेवले गेले. एक म्हणजे विमानाचे नाक उचलण्यास उशीर झाला व उचलण्याची रीतही चुकली. दुसरा, उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची व्यवस्था विमानतळ यंत्रणेने ठेवली नव्हती. त्या विमानाचे वैमानिक शिकाऊ नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. रोज विमान चालवणाऱ्यालाही ही गोष्ट जड जाऊ शकते, तर नवख्याने ती किती घोटली पाहिजे हे आपणच ओळखावे.

नाक उचलणे म्हणजे काय, तेही थोडक्यात पाहू. जेट विमान निघण्याआधी तीन वेग गणिताने काढतात. विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी, वारा आणि हवेचे तापमान यांवर ते ठरतात. आपल्याकडचा एप्रिलचा उन्हाळा असेल तर हवा विरळ होते आणि धाव लांबते. पहिला वेग निर्णयाचा. तो ओलांडला की काहीही झाले तरी थांबायचे नाही, उडायचेच. दुसरा वेग नाक उचलण्याचा. तिसरा, एक इंजिन बंद पडले तरी सुरक्षित चढता येईल असा. शेजारचा वैमानिक हे वेग येताच मोठ्याने पुकारतो आणि चालवणारा त्या पुकाऱ्याबरोबर नाक बेताने, ठराविक गतीने उचलतो. घाईने नाही, रेंगाळूनही नाही.

त्या वेळी विमान ताशी २५० किलोमीटरने धावत असेल, तर एका सेकंदात सुमारे सत्तर मीटर धावपट्टी मागे पडते. दोन सेकंदांची दिरंगाई म्हणजे एकशे चाळीस मीटर गेले. लहान विमानात हाताला हलके लागले की दांडा ओढला तरी चालून जाते. जेटमध्ये हाताच्या अंदाजावर भागत नाही. तिथे आकडा, पुकारा आणि कृती ही साखळी तुटता कामा नये. ही साखळी अंगवळणी पडेपर्यंत उड्डाण पुन्हा पुन्हा करवून घेतात की एकदोनदा दाखवून पुढे जातात, हे कोर्स निवडताना विचारलेच पाहिजे.

'साहेब, विमान वर घ्या' म्हणण्याचे शिक्षण

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शिकाऊ विमानात मूल बराच काळ एकटे उडते, नाहीतर शेजारी गुरुजी असतात. कंपनीच्या विमानात दोघे वैमानिक बरोबरीने काम करतात. एक चालवतो, दुसरा लक्ष ठेवतो. लक्ष ठेवणारा म्हणजे नुसता सोबती नव्हे. चूक दिसली की बोलणे हे त्याचे काम.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जम्बो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. निघालेल्या विमानातल्या इंजिनियरने, समोरचे विमान बाजूला झाले नसावे, अशी शंका बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती झटकून टाकली. अशा अपघातांनंतर १९७९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने या विषयावर बैठक घेतली आणि चालक-खोलीत एकमेकांशी कसे वागावे-बोलावे याचे शिक्षण जगभर सुरू झाले.

तरी हा प्रश्न संपला असे नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी केरळमधील कोळिकोड येथे एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ पावसात धावपट्टीच्या पुढे जाऊन खाली कोसळले. २१ जणांचा अंत झाला. विमान धावपट्टीवर निम्म्या वाटेवर टेकले होते. चौकशी अहवाल सांगतो की लक्ष ठेवणाऱ्या वैमानिकाने, उतरू नका, पुन्हा वर घ्या, असा पुकारा केला होता. तो मानला गेला नाही. अशा वेळी त्याने स्वतः ताबा घेऊन विमान वर न्यायला हवे होते, असेही अहवालात म्हटले आहे. गेलेल्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. दोघेही त्या रात्री आपल्यातून गेले. पण अहवाल लिहितात ते मागून येणाऱ्यांनी वाचावेत म्हणूनच.

हे आपल्या घरांशी फार जवळून निगडित आहे. आपल्याकडे लेकराला काय शिकवतो? मोठ्यांपुढे उलटून बोलू नये, गुरुजी म्हणतील ते खरे. संस्कार चांगलाच आहे, तो सोडा असे कोणी म्हणणार नाही. पण तेच लेकरू उद्या पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या कॅप्टनच्या शेजारी बसणार. विमान चुकीचे येते आहे हे त्याला दिसणार. त्या क्षणी 'मी कसं बोलू' म्हणून ते गप्प राहिले, तर मागे बसलेल्या १८० जणांचे काय? आदर राखून, पण स्पष्ट आणि वेळेवर बोलणे, आणि ऐकले गेले नाही तर पुढची कृती करणे, हे शिकवावे लागते. ते आपोआप येत नाही.

त्यातून ते बोलणे इंग्रजीतून. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे वैमानिकाचे इंग्रजी किमान चौथ्या पातळीचे असावे लागते. मराठी शाळेतले मूल यात कमी पडते असे मुळीच नाही, पण परीक्षा पास होणे वेगळे आणि गडबडीत तोंडातून नेमके वाक्य निघणे वेगळे. म्हणून ज्या कोर्समध्ये मुलाला उजव्या खुर्चीत बसवून बोलते करतात, तो कोर्स दोन पैसे महाग असला तरी स्वस्त समजावा.

पैसे भरण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

जाहिरात पाहून नव्हे, जागेवर जाऊन, मुलाला सोबत घेऊन हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत उतरवून घ्यावीत :

१) सिम्युलेटरवर एकूण तास किती? त्यांतले चालवण्याचे किती आणि लक्ष ठेवण्याचे किती? पुष्कळदा वीस तास सांगतात, त्यांतले दहा दुसऱ्याच्या वाट्याचे असतात. दोन्ही कामे शिकणे जरूर आहे, पण हिशेब आधी कळावा.

२) जोडीला कोण असेल? दोघांचीच जोडी असावी. तिघे-चौघे कोंबले तर मागे उभे राहून पाहण्यातच वेळ जातो.

३) शिकवणार कोण? त्यांनी विमान कंपनीत जेट चालवले आहे काय? माहितीपत्रकावर छापलेले कॅप्टन आणि प्रत्यक्ष शिकवणारे एकच आहेत ना?

४) सिम्युलेटर कोणत्या विमानाचे? हलणारे की स्थिर? या कोर्सला स्थिर यंत्रही चालते, मात्र त्यातले पडदे, उड्डाण-संगणक आणि स्वयंचालक नीट चालू हवेत. बंद बटणांचे यंत्र म्हणजे बिनदाताचे चरक.

५) एअरबस की बोइंग? इंडिगो आणि एअर इंडियाकडे ए-३२० जातीची विमाने मोठ्या संख्येने आहेत. अकासा आणि एअर इंडिया एक्स्प्रेसकडे बोइंग ७३७ आहेत. जिथे अर्ज करायचा तिथली चाचणी ज्या यंत्रावर होते, ते निवडणे बरे. पण विमानाच्या नावापेक्षा सवयी महत्त्वाच्या.

६) स्वयंचालक बंद ठेवून हाताने उडवण्याचा सराव किती? निवड-चाचणीत बहुधा हेच पाहतात.

७) धावपट्टीवर उड्डाण रद्द करणे, उड्डाणानंतर एक इंजिन बंद पडणे, उतरता उतरता पुन्हा वर जाणे, उंचावर हवेचा दाब गेल्यास तातडीने खाली येणे, हे सर्व करवून घेतात काय?

८) प्रत्येक दिवसानंतर लेखी शेरा मिळतो काय? कच्चे राहिलेले तास पुन्हा देतात काय, आणि त्याचे पैसे वेगळे किती?

९) फीमध्ये कर, राहणे, पुस्तके धरली आहेत काय? यंत्र बंद पडले किंवा तुकडी पुढे ढकलली तर पैसे परत मिळतात काय?

१०) गेल्या वर्षी इथे शिकलेल्या दोघा-तिघांशी बोलता येईल काय? चांगली संस्था याला नाही म्हणत नाही.

शक्य असेल तर एखादा पाठ चालू असताना मागे बसून पाहण्याची परवानगी मागावी. आपल्याला इंग्रजी कळले नाही तरी बिघडत नाही. गुरुजी मुलाला बोलू देतात की स्वतःच बोलत राहतात, एवढे तरी दिसेलच. बेणे घेताना आपण नुसत्या पावतीवर घेत नाही, डोळा पाहून घेतो. तसेच इथे.

तोडलेला ऊस आणि शिकलेला हात

कोर्स केव्हा करावा, यातही पुष्कळ जण फसतात. परवाना हातात पडला की दुसऱ्याच महिन्यात कोर्स उरकतात, आणि कंपनीची भरती निघते वर्षाने. तोवर शिकलेले निम्मे विसरलेले असते. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, उतारा घटतो. चोवीस तासांत गव्हाणीत पडला तर त्याचे मोल. हाताच्या कसबाचेही तसेच आहे. निवडीची वेळ जवळ आली की कोर्स करावा. तोपर्यंत लेखी परीक्षेचा अभ्यास, इंग्रजी आणि लहान विमानावरचा हात ताजा ठेवावा.

मूल कंपनीच्या कॅडेट योजनेतून शिकत असेल, तर हे शिक्षण त्याच योजनेत धरलेले आहे का, ते करारपत्रात पाहावे. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरण्याचे कारण नाही.

खर्चाचा हिशेब टनांत

रुपयांचे मोठे आकडे ऐकून मन बधिर होते. म्हणून आपण आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. तोडणी-वाहतूक वजा न करताही एक लाख रुपये म्हणजे २८ टन ऊस झाला. परवान्यापर्यंतचा खर्च समजा पन्नास लाख धरला, तर तो १,४०० टन. एकरी चाळीस टन धरले तरी पस्तीस एकरांचा एक हंगाम. त्यावर हा कोर्स, त्यावर टाइप रेटिंग. प्रत्येक पायरीला 'आता एवढं केलंच आहे, तर हेही करू' असे म्हणत माणूस खोलात जातो.

आणि हा धंदाही पावसासारखाच. किंगफिशर २०१२ साली बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये. परवाने हातात असून मुले घरी बसली. तेव्हा शिक्षणाच्या सुरुवातीलाच शेवटच्या पायरीपर्यंतचा हिशेब मांडावा आणि नोकरी लागायला दोन वर्षे लागली तर हप्ता कोण भरणार, हेही घरात मोकळेपणाने बोलावे. सर्वांत आधी, एक रुपयाही भरण्यापूर्वी, प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळ्यांत किंवा कानांत दोष निघाला तर पुढचा सारा खर्च वाचतो.

ऊस किती उंच वाढला यावर कोणी भाव देत नाही, उतारा पाहून देतात. जे.ओ.सी.चे प्रमाणपत्र ही उसाची उंची झाली. त्या थोड्या दिवसांत लेकराने किती तास दोन्ही कामे केली, आणि चूक दिसली तेव्हा त्याला तोंड उघडता आले की नाही, हा त्याचा उतारा. पैसे भरताना पालकांनी उताऱ्याकडे पाहावे.

सभासदांपैकी कोणाचे लेकरू या वाटेवर असेल त्यांनी हा अंक जपून ठेवावा, आणि ज्यांच्या घरी हा विषय नाही त्यांनी शेजारच्या घरी वाचायला द्यावा. इति.